कडब्याची कोपी आणि आगटीचा हुरडा

मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिवच्या बाजारात खरेदीला आलेला परगावचा माणूस हमखास हात हलवत परत जातो. शटरं खाली, रस्त्यावर शुकशुकाट, शाळा-कचेऱ्यांना टाळं. कुणी बंद पुकारलेला नसतो. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक सुट्टी द्यायची रीतच पडून गेली आहे. आणि सुट्टी नसती, तरी कचेरीत कोण सापडलं असतं हा प्रश्नच आहे. बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, मोटारसायकल, काहीच नसेल तर पायी, असं करत सगळं गाव सकाळीच शेतात गेलेलं असतं. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं दिवाळीला येतील न येतील, पण या दिवसाला रात्रीची गाडी धरून येतात.

पंचांगात ही दर्शवेळा अमावस्या, सुट्टीच्या पत्रकात वेळ अमावस्या आणि बोलण्यात येळवस. आकाशाखालचं जेवण, हाताने उभारलेला मांडव, रंगवलेली मडकी, ठरलेले पदार्थ, दिवसभर राबता पाहुणचार आणि अंधार पडला की जाळ: शहरात आज ज्या मेजवानीसाठी महिनाभर आधी याद्या कराव्या लागतात, ती इथल्या कुणब्याने रब्बीच्या शिवारात कधीचीच बसवून टाकली आहे. तिला ना निमंत्रणपत्रिका लागते ना विकतचं सामान. या सगळ्या बेताचा मेढीखांब एकच, रब्बी ज्वारी. तिच्या ताटांची कोपी, तिच्या पिठाची आंबील, तिच्या कणसांचा हुरडा. म्हणून धाराशिवच्या या वनभोजनाचा इतिहास सांगायचा तर तो ज्वारीच्या अंगानेच सांगावा लागतो.

येळवस महाराष्ट्रभर नाही. सगळ्या मराठवाड्यातही नाही. तिचा खरा मुलूख लातूर, धाराशिव, त्यांना लागून असलेला सोलापूर, बीड, नांदेडचा काही भाग, आणि पलीकडे कर्नाटकातले बीदर, कलबुर्गी, विजयपूर. उमरग्याहून बस धरली तर थोड्याच वेळात आळंद किंवा बसवकल्याणच्या रस्त्याला लागता येतं. तिथेही त्याच अमावस्येला लोक शेतात जेवतात. फक्त तिकडे तिला एळ्ळ अमावस्या म्हणतात आणि शिवारात नैवेद्य शिंपडण्याला चरग. मराठवाड्याच्या वरच्या अंगाला, जालना-परभणीकडे, मात्र हा दिवस इतर अमावस्यांसारखाच जातो.

या विस्तारामागे जुना राजकीय नकाशा आहे. आजच्या धाराशिव जिल्ह्याचं मुख्य ठाणं पूर्वी नळदुर्गला होतं. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही कंपनी सरकारच्या हवाली केला, आणि ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा मेडोज टेलर इथे कारभारी म्हणून येऊन बसला. 1860 मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. पुढे निजाम मीर उस्मान अली खानाच्या नावावरून धाराशिवचं उस्मानाबाद झालं. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. 1 नोव्हेंबर 1956 ला संस्थानाचे तीन तुकडे झाले, त्यात उस्मानाबाद मुंबई राज्यात आलं आणि बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं. ऑगस्ट 1982 मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला आणि 2023 मध्ये जिल्ह्याला धाराशिव हे नाव अधिकृतपणे परत मिळालं. एवढ्या उलथापालथीत शेतातली पंगत जिथली तिथेच राहिली, कारण तिची हद्द महसूल खात्याने आखलेली नव्हती. काळी जमीन, रब्बी ज्वारी आणि मराठी-कानडीची सरमिसळ जिथवर, तिथवर येळवस.

आता कुणी म्हणेल, मोकळ्यावरची मेजवानी ऐन थंडीत कशाला? अमेरिकेत 4 जुलैला अंगणाअंगणात बार्बेक्यू पेटतात, दक्षिण आफ्रिकेत 24 सप्टेंबरचा वारसा दिन लोकांनी निखाऱ्यावर मांस भाजायचा, म्हणजे ब्रायचा दिवस करून टाकला आहे. तिथे ऊब आली की माणसं घराबाहेर पडतात. बालाघाटच्या पठारावर हिशेब उलटा आहे. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, विहिरी तळाला जातात, नांगरून टाकलेल्या रानात सावलीला झुडूप सापडत नाही. अशा वेळी शेतात पाहुणे बोलावणं म्हणजे पाहुण्यांचा छळ. उन्हाळ्यातली मोठी जेवणं त्यामुळे देवाधर्माच्या आश्रयाला गेली. चैत्र पौर्णिमेला कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते. हजारो लोक रानात चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीची पालखी आमराईत मुक्कामाला जाते. जत्रा, नवस, दर्ग्याची कंदुरी या निमित्ताने होणाऱ्या मटणाच्या पंगतींनी जिल्ह्याच्या आणखी एका ओळखीला हातभार लावला. काळ्याभोर अंगाची, कमी चाऱ्यावर टिकणारी उस्मानाबादी शेळी देशातल्या मान्यताप्राप्त जातींत या जिल्ह्याच्या नावानेच नोंदलेली आहे.

शेतातलं जेवण मात्र मार्गशीर्षातच. जिल्ह्याला वर्षाकाठी सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस मिळतो, आणि त्याचाही भरवसा नाही. काळी जमीन खरिपात मोकळी ठेवून पाणी मुरवायचं, परतीच्या पावसावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरायचा आणि जमिनीतल्या ओलीवर, थंडीच्या जोरावर तो काढायचा, ही इथली जुनी शेती. मार्गशीर्ष अमावस्येला त्या ज्वारीची पोटरी फुटत असते किंवा कणसात दाणा भरत असतो. हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, तुरीच्या शेंगा टचटचीत झालेल्या असतात, गहू हिरवा असतो, बांधावर बोरं पिकलेली असतात. वर्षभरात शिवार एवढं भरलेलं कधीच दिसत नाही. पेरणी-कोळपणी झालेली असते आणि काढणी महिना-दीड महिना लांब असते, त्यामुळे हातही मोकळे असतात. सण नेमका या फटीत बसवला आहे. काळ्या आईची ओटी भरायची ती दाणा भरताना, खळं झाल्यावर नव्हे.

सकाळी पहिलं काम कोपीचं. गेल्या साली काढलेल्या कडब्याच्या पाच पेंढ्या वळईतून ओढून आणायच्या, बुडखे खाली पसरून शेंडे वर एकत्र आणायचे आणि दोरीने किंवा ओल्या ताटाने आवळायचे. झालं घर. तोंड शक्यतो पूर्वेला. आतली जमीन शेणाने सारवायची, त्यावर पाच दगड मांडायचे, त्यांना चुना फासायचा आणि वर कावेची बोटं ओढायची. हे पाच पांडव. कुणी त्यांच्याजवळ द्रौपदीचाही दगड मांडतं, कुणी त्या जागेला लक्ष्मी म्हणतं. कोपीच्या माथ्यावर शाल किंवा नवं लुगडं पांघरायचं, दाराशी झेंडूची माळ, बाजूला ऊस. उंची जेमतेम माणसाच्या छातीएवढी. नैवेद्य दाखवायला आत वाकूनच जावं लागतं. शेतात माणसाला बसायला मोठी कोपी आधीपासून असेल, तरी पुजेसाठी ही लहान कोपी वेगळी होतेच.

पांडव वनवासात असताना या रानातून गेले आणि त्यांनी इथे पूजा केली, अशी कथा सांगतात. पण दिवाळीच्या पाडव्याला महाराष्ट्रातल्या अनेक खेड्यांत शेणाचे पांडव अंगणात मांडतात, आणि बांधावरच्या म्हसोबाला, सटवाईला शेंदूर फासलेला दगडच असतो. शेताची राखण करणारे दगड पुजायची चाल जुनी, त्यांना महाभारतातली नावं नंतर चिकटली असावीत, असं मानायला जागा आहे. कुणब्याला या वादाशी देणंघेणं नाही. पाच दगड मांडले नाहीत तर येळवस झाली असं तो म्हणणार नाही, एवढं खरं.

या सजावटीत एक पैशाचा ऐवज बाजारातून येत नसे. कडबा घरचा, शेण घरचं, चुना-काव गावातली, फुलं बांधावरची. सण सरला की पेंढ्या सोडून जनावरांपुढे टाकायच्या. मातीची भांडी तेवढी कुंभाराकडून यायची, तीही बलुत्यात. येळवशीची आंबील ज्या मडक्यात न्यायची ती बिंदगी, बाहेरून चुन्याने आणि कावेने पट्टे ओढून सजवलेली. डोईवर चुंबळ, चुंबळीवर बिंदगी आणि तोंडाला हरभऱ्याचे डहाळे खोवलेले, अशी घरची लक्ष्मी शेताच्या वाटेला लागली की मिरवणूकच निघाल्यासारखं वाटतं. हा कुंभारकामाचा धागा धाराशिवला साधासुधा नाही. धाराशिव तालुक्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात दख्खनची मोठी बाजारपेठ म्हणून त्याचं नाव येतं. तिथल्या उत्खननांत निघालेली मातीची भांडी आणि मूर्ती आज गावातल्याच लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. संत गोरा कुंभार तेरचेच. त्यांची समाधी तेरणेच्या काठावर आहे. ज्या गावाने वारकरी संप्रदायाला आपला सर्वांत प्रसिद्ध कुंभार दिला, त्या गावाच्या पंचक्रोशीत अमावस्येला मडकं रंगवल्याशिवाय सण होत नाही, याचं नवल वाटायला नको.

स्वयंपाक आदल्या दिवशीच सुरू होतो. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवत ठेवायचं, पहाटे ते शिजवून लसूण, आलं, जिरं ठेचून घालायचं. ही आंबील. थंडीत उन्हाला बसून द्रोणभर प्यायली की अंगावर गुंगी चढते, आणि पहिल्यांदा आलेला पाहुणा बांधावर कांबळं टाकून आडवा झालेला दिसला की घरचे हसतात. दुसरा मानाचा पदार्थ भज्जी. नावावरून तळणाचा भास होतो, पण ही पातेलंभर शिजवलेली मिसळ भाजी. तुरीचे, पावट्याचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, भुईमुगाच्या शेंगा, मेथी, चुका, वांगी, गाजर, जे शिवारात असेल ते सगळं एकत्र शिजवून चिंचेचा कोळ आणि बेसन लावायचं. तेल कमी, हिरवी मिरची जास्त. भज्जीत काय पडलं हे पाहून त्या साली शेतात काय पिकलं ते सांगता येतं. दोन भाज्या कमी झाल्या की जाणती बाई विचारते, यंदा वाल लावला नाही का?

सोबत बाजरीचे उंडे. पीठ मळून, गोळे वळून, वाफवून ठेवलेले हे उंडे दोन दिवस टिकतात आणि भज्जीबरोबर कुस्करून खाल्ले जातात. बाजरीची भाकरी, गव्हाची खीर, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या, धपाटे, ठेचा, दही. मांस नाही. ज्या जिल्ह्याची शेळी देशभर नावाजलेली, त्याच्या सर्वांत मोठ्या शेतजेवणात मटणाचा तुकडा नसतो. कांदा-लसणाला मात्र मनाई नाही. देव शेतातला आहे आणि त्याला शेतात पिकणारं सगळं चालतं.

पूजा झाली की घरातला एकजण आंबिलीचं भांडं घेऊन पुढे होतो आणि बांधाबांधाने फिरत पिकावर आंबील शिंपडतो. मागून पोरंसोरं आरोळी देत जातात. आरोळीचे बोल कानडी वळणाचे. त्यांचा अर्थ विचारला तर तीन शेजारी तीन अर्थ सांगतात, पण मोठ्याने ओरडण्यात कुणी मागे राहत नाही. मग पंगत. आणि पंगतीचा नियम एकच, बांधावरून जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय सोडायचं नाही. ओळख असो नसो, जात कुठलीही असो. एका दुपारी पाच-सहा शेतांत थोडं थोडं खाऊनच माणूस घरी पोचतो.

या हाकेमागे गावगाड्याचा व्यवहारही होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिताना कुणब्याच्या दाण्यावर किती जणांचा हक्क लागतो ते तपशिलाने मांडलं आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिवाय देवाधर्माचे आणि फिरस्ते. ज्याच्या कामावर शेत उभं राहिलं, तो माणूस दाणा खळ्यावर येण्याआधी एकदा शेतात जेवून जाई. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला सुरू होई आणि येळवशीपर्यंत त्याने नऊ महिने त्या रानात घाम गाळलेला असे. त्याचं सगळं कुटुंब त्या दिवशी मालकाच्या शेतात जेवायला. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती त्यांनाही येळवस होती, ती या वाटेने. या आतिथ्यात बरोबरी होती असं मात्र म्हणता येणार नाही. पंगती जातीने वेगळ्या बसायच्या दिवसांत शेतातल्या पंगतीही तशाच बसत होत्या. आणि बायकांसाठी हा सण म्हणजे आदल्या दुपारपासून चूल. बाकीच्यांचं वनभोजन त्यांच्या जागरणावर उभं राहिलं, आजही राहतं.

संध्याकाळचे विधी वेगळे. मातीच्या बोळक्यात दूध उकळायला ठेवून ते उतू जाऊ द्यायचं. ज्या दिशेला दूध उतू जाईल त्या अंगाला पीक चांगलं, असा अंदाज. मग कडब्याचा किंवा वाळल्या गवताचा हेंडगा पेटवून शेताला फेरी. अंधारात शिवारभर असे जाळ फिरताना दिसतात आणि ते विझले की गाड्या गावाकडे वळतात.

हुरडा हा याच जाळाचा भाऊ, पण त्याला अमावस्या-पौर्णिमा लागत नाही. त्याचा जन्म बहुधा जागलीत झाला. दाणा भरू लागला की दिवसा पाखरं आणि रात्री रानडुकरं. त्यांना हाकायला माळ्यावर गोफण घेऊन बसायचं, रात्री शेतातच झोपायचं. थंडी मी म्हणत असते, मग शेकोटी हवीच, आणि शेकोटीजवळ बसलेल्या माणसाच्या हाताशी कोवळं कणीस असतंच. पुढचं सांगायला नको.

हुरडा भाजायची रीत पाहण्यासारखी असते. जमिनीत हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा, ही आगटी. त्यात गोवऱ्या रचून पेटवायच्या आणि जाळ पूर्ण बसू द्यायचा. उघड्या जाळावर कणीस धरलं तर वरून करपतं, आतून कच्चं राहतं. फुललेल्या निखाऱ्यांत कणसं खुपसून देठ बाहेर ठेवायचे, वरून गरम राख ओढायची. दाण्याचा हिरवा रंग जरा उतरला, खमंग वास सुटला की देठाला धरून कणीस बाहेर. भाजणारा एक, चोळणारे दोघे. चोळणाऱ्याचा हात बसलेला लागतो. पोत्याच्या घडीत धरून कढत कणीस चोळायचं, दाणा फुटू द्यायचा नाही, मग सुपात घालून फुंकर मारत बोंडं उडवायची. सुपातून थेट पाहुण्याच्या ओंजळीत. गार झालेला हुरडा चिवट लागतो, म्हणून खाणाऱ्यानेच आगटीपाशी यायचं, हुरडा त्याच्याकडे जाणार नाही. सोबत शेंगदाण्याची, लसणाची, जवसाची चटणी, गूळ, दही, आणि शेजारच्या रानातला हरभऱ्याचा हुळा.

कुठल्याही ज्वारीचा हुरडा होत नाही. दाणा दुधाळ अवस्था ओलांडून पिठूळ होत असतो तेव्हा त्यात साखर भरपूर असते. ही वेळ एका शेतात जेमतेम आठ-दहा दिवस टिकते, पुढे साखरेचं पिष्ट होतं आणि दाणा कडक पडतो. शिवाय बोंडातून दाणा सहज सुटला पाहिजे. म्हणून जुने शेतकरी भाकरीसाठी मालदांडी पेरत आणि बांधाच्या कडेने दोन-चार तास गूळभेंडीचे, सुरतीचे किंवा कुचकुचीचे घालत. मालदांडीचं सर्वांत नावाजलेलं निवड वाण, एम 35-1, शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात तयार झालं आणि अजूनही पेरलं जातं. हुरड्यासाठी वेगळी वाणं काढायला विद्यापीठांना बराच उशीर लागला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा आणि फुले मधुर दिली, परभणीच्या विद्यापीठाने परभणी वसंत दिलं. तोवर हुरड्याचं बी बायकांनी उतरंडीत राख घालून जपलेलं होतं.

हुरड्याचे भाऊबंदही आहेत. सुरतेला तापीच्या काठावर हिवाळ्यात पोंक खायला झुंबड उडते, तोही कोवळ्या ज्वारीचाच. रायगडात त्याच दिवसांत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. किनाऱ्यावर वाल, पठारावर ज्वारी. ज्या रानात जे कोवळं, ते तिथे भाजलं गेलं.

येळवस आणि हुरडा यांची गाठ दर वर्षी पडतेच असं नाही, आणि ती का पडत नाही हे पंचांगात दिसतं. 2023 मध्ये श्रावण अधिक आला, त्यामुळे त्या सालची मार्गशीर्ष अमावस्या 11 जानेवारी 2024 ला गेली. त्याच्या पुढची 30 डिसेंबर 2024 ला आली, तीही सोमवती. 2025 ची आली 19 डिसेंबरला. पेरणी मात्र पावसावर चालते, अधिक महिन्यावर नाही. अमावस्या जानेवारीत सरकली की कणसं हुरड्यावर आलेली असतात आणि येळवशीच्या पंगतीत आगटी पेटते. डिसेंबरात आली की ज्वारी पोटरीत असते. मग आंबील आणि भज्जीवर भागवायचं आणि हुरड्याचं बोलावणं संक्रांतीच्या आगेमागे वेगळं धाडायचं. म्हणून जुन्या घरांत पाहुण्यांना दोन बोलावणी जात.

या सगळ्याला पहिला मोठा धक्का 1972 च्या दुष्काळाने दिला. ज्वारीच्या मुलखावर अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि सुकडी खायची पाळी आली. जनावरांना कडबा मिळेना, तिथे कोपीला पेंढी कोण देणार? 2015-16 मध्ये पुन्हा तीच गत झाली. धाराशिव, बीड, लातूरला सरकारने चारा छावण्या उघडल्या आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा सालांत कोपी तीन पेंढ्यांवर येते, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपीत आपला नारळ फुटतो.

पण दुष्काळ येतो तसा जातो. ज्वारी कायमची मागे रेटली ती सोयाबीनने. 1990 नंतर हे पीक मराठवाड्यात पसरलं आणि पाहता पाहता धाराशिव सोयाबीनचा जिल्हा झाला. खरिपात जमीन मोकळी ठेवायची चालच त्याने मोडली. ऑक्टोबरात सोयाबीन निघेपर्यंत शाळूची वेळ टळत येते, म्हणून त्यामागे हरभरा येतो. पाणी असेल तिथे ऊस, द्राक्ष. राज्याच्या पातळीवर पाहिलं तर 1960-61 मध्ये महाराष्ट्रात 60 लाख हेक्टरांहून जास्त ज्वारी होती. आज ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरली आहे. ज्वारी उपटायला, कणसं मोडायला माणसं लागतात, ती मिळत नाहीत. हरभऱ्यात मळणीयंत्र फिरतं. त्यात आणखी एक चक्र आहे. शिवारात ज्वारीचे दोनच तुकडे उरले की सगळ्या गावची पाखरं त्या दोन तुकड्यांवर उतरतात. राखण परवडत नाही, म्हणून पुढच्या साली ते दोन शेतकरीही ज्वारी सोडतात.

परिणाम पंगतीत दिसतो. हरभरा भरपूर, त्यामुळे डहाळे आणि सोले आहेत. कडबा नाही, म्हणून कोपीच्या पेंढ्या विकत येतात, कुठे उसाच्या वाढ्यांची कोपी होते, कुठे साडीचा आडोसा. वाल-पावटा बांधावरून गेला, कारण तणनाशकाच्या फवाऱ्यात बांधावरची वेल टिकत नाही, म्हणून भज्जीचं सामान आदल्या दिवशी मंडईतून येतं. आंबिलीचं पीठ गिरणीतून विकत. मडकं आहे, पण बैलगाडी नाही, कारण बैलच नाहीत. सणाचा दिवस तोच, गर्दी पूर्वीपेक्षा जास्त, पण पाहुण्याला जे वाढलं जातं त्यातलं पुष्कळसं त्या शेतातलं नसतं.

दुसरीकडे हुरड्याला बाजार मिळाला. 2005 च्या सुमाराला पांडुरंग तावरे यांनी बारामतीच्या बाजूला कृषी पर्यटनाची घडी बसवली. पुण्याच्या आसपास हुरडा पार्टी हा हिवाळ्याचा धंदा झाला. माणशी दर, झोपाळे, बैलगाडीची रपेट, दुपारी पिठलं-भाकरी. 2020 मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा सरकारी कार्यक्रमांतही ज्वारीला खुर्ची मिळाली. पुढाऱ्यांच्या हुरडा पार्ट्यांवर तर दर हिवाळ्यात बातम्या होतात आणि त्यात हुरड्यापेक्षा कोण आलं, कोण नाही आलं याचीच चर्चा अधिक. या बाजाराला नाक मुरडायचं कारण नाही. हुरड्याची एकरभर गूळभेंडी सोयाबीनपेक्षा जास्त पैसे देत असेल तर तेवढी ज्वारी रानात टिकेल, आणि कणसं चोळणाऱ्या हातांना रोजगार मिळेल. तक्रार एवढीच, की पैसे मोजून खाल्लेल्या हुरड्यात यजमान नसतो, व्यवस्थापक असतो. बांधावरून जाणाऱ्याला तिथे हाक जात नाही.

येळवस अजून विकाऊ झालेली नाही, आणि ती वाचवायला अनुदान किंवा महोत्सव लागणार नाही. या सणाला लागतं ते उभं पीक. जिल्ह्यात ज्यांच्या घरी जमीन आहे आणि जे दर सालच्या अमावस्येला पुण्याहून गाडीभर माणसं घेऊन येतात, त्यांनी येताना पिठाची पिशवी आणि पेंढ्यांचे पैसे आणण्यापेक्षा घरच्यांना ऑक्टोबरमध्ये एक फोन करावा. हरभऱ्याच्या रानात बांधाच्या कडेने चार तास मालदांडीचे आणि दोन तास गूळभेंडीचे टाकायला सांगावं, बांधाच्या एका अंगाला फवारा मारू नये आणि तिथे पावट्याची वेल चढू द्यावी. कोपीपुरता कडबा, मडक्यापुरतं पीठ आणि आगटीपुरती कणसं एवढ्या जागेत होतात. बी धाराशिव आणि सोलापूरच्या जुन्या शेतकऱ्यांकडे, तसंच राहुरी आणि परभणीच्या विद्यापीठांकडे अजून मिळतं.